चार व्हायोलिनं आणि एक शीट

४ फेब्रुवारी
गिऱ्हाईक गावलं! वैजयंती मॅडम. पुण्याला विद्यापीठात संगीत शिकवतात, स्वतः रचतातही. म्हटलं, पिक्चरचं? तर नाही — चार व्हायोलिनांचं, बिनशब्दाचं. ऐकतं कोण? म्हणाल्या, "पहिल्या रांगेत सहा जण असतात. त्यातले दोन नातेवाईक."
अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. आता कायमची जागा निघालीय. मुलाखतीआधी नवी रचना वाजवून दाखवायची. समितीला जुनी लोकपरंपरा लई आवडते म्हणे, म्हणून भाताच्या आवणीची चाल पाहिजे, आमच्या डोंगरातली. वाटाड्या मी! आळेफाट्यावर जीपा भरायला हाका मारतो, तेवढं शिक्षण पुरे.

५ फेब्रुवारी
मिसळ खाल्ली. नारायणगावचा टोमॅटो बाजार दाखवला. डोंगर राहिला.

६ फेब्रुवारी
डोंगरात, हातवीजला माझ्या साळुआत्याकडं. मॅडमनी हेडफोन चढवला, माइक धरला. पाहुणीला चांगलं काहीतरी म्हणून आत्यानं टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं म्हटलं. पूर्ण! आवणीचं विचारलं तर — "आवणीला कंबर मोडती बाई, गातंय कोण?"
मॅडमचं तोंड एवढंसं. म्हणे पुढच्या गावाला जाऊ. आणि दुपारी बैलगाडा शर्यती, माझा दोस्त दादाभाऊचा गाडा पळणार! मग मीच म्हटलं, आजीची एक चाल आठवते. फाट्यावरची माझीच हाक — ओतूर, ओतूर, ओतूऽऽर, चला एक शीट — शब्द काढले, सावकाश केली, डोळे मिटले. आत्या पदराआड हसत होती.
मॅडमनी तीनदा गायला लावलं. "शेवटचा सूर खाली आणू नका. असतो तसा वरच सोडा." काय कळतं यांना!
शर्यतीला वेळेत पोचलो. दादाभाऊचा गाडा मधेच आडवा गेला.

१५ मार्च
पुणे. कार्यक्रम. रचनेचं नाव 'आवणी'. एक जण व्हायोलिनच्या पाठीवर टिचक्या मारत होता, वाटलं बिघडलं. मग आलं — ओतूर, ओतूर! सगळे डोळे मिटून. एक काका तर डोळे पुसत होते. मी रुमाल कोंबून खोकलो. शेवटी तो सूर वरच लटकत ठेवला, अन् मी खुर्चीतून अर्धा उठलो. एक शीट म्हणायचं राहिलं होतं ना!
बाहेर समितीतले एक साहेब म्हणाले, चाल पाच-सहाशे वर्षांची तरी असणार. मॅडम चहा आणायला वळल्या.
माझं हसू तिथंच संपलं. उद्या कुणी ओळखली तर? अकरा वर्षं जातील. कशापायी — तर बैलगाड्यापायी.

२३ मार्च
उद्या मुलाखत. मेसेज टाकला: चाल आजीची नाही, ओतूरच्या जीपची आहे. माफ करा. समितीपुढं काही बोलू नका, कुणाला कळत नाही.
दोन निळ्या खुणा.

२ एप्रिल
पाकीट आलं. रचनेचे कागद. 'आवणी' खोडून 'आळेफाटा' केलंय. खाली — मूळ हाक: सुदर्शन असवले. सोबत चिठ्ठी: "हेच कागद समितीला दिले. जागा दुसऱ्यांना मिळाली. आणि माफी कसली? तीन फेब्रुवारीला फाट्यावर दोन तास बस आली नव्हती. तुमची हाक मी तेव्हाच ऐकली होती."
कागद बघत बसलो, ओतूरची जीप आज रिकामी गेली. ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या.