व्हीसीआरवरचं कव्हर

मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा व्हीसीआरवर कव्हर. सकाळी मीच काढलं होतं. दापोरा गावचा मेकॅनिक बजावून गेलाय, "भाभी, इसको हवा लगने दो." नाहीतर या उन्हाळ्यात मशीन जळेल, आतली कॅसेटही जाईल. कॅसेट आमच्या लग्नाची. मामंजी हलतेबोलते फक्त तिच्यातच उरलेत. सासूबाई रोज दुपारी ती बघतात, आतच ठेवतात आणि वर स्वतः विणलेलं कव्हर ओढतात. आज जळका वास आला. खरंच आला, की माझीच भीती?

शेवटी विचारलं, "आई, कव्हर कशाला घालता?"

"ते आहेत ना आत. उघड्यावर कसं ठेवू त्यांना?"

कव्हरावर टेकलेला हात मी मागे घेतला. मशीन दुपारीच बंद केलंय. अजून तापलेलंच आहे.