आईची भाकरी विजेवर

दादा, आईनं गॅस सोडला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हिच्या डोक्यात हे भरवलं कुणी? मी भरवलं. भांडून भरवलं.

तुमचा तो निळा पाइप आठवतोय ना? रहाटणीच्या घरात गॅसची नळी चिरली, तर तुम्ही कंपनीतला हवेच्या लाइनचा उरलेला पाइप विचारून आणलात आणि शेगडीला जोडलात. "आमच्या प्रेस मशीनला चालतोय, शेगडीला काय होतंय?" सिलिंडरवाल्यानं तो बघितला आणि तुम्हाला, मेंटेनन्सच्या फिटरला, बायको-पोरीसमोर झाडलं. हा हवेचा आहे, गॅसनं आतून खराब होतो, म्हणाला. तुम्ही संध्याकाळच्या आत पिंपरीहून नारिंगी नळी आणलीत आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा जॉइंटला साबणाचा फेस लावून मला वाकायला लावायचात. बुडबुडा दिसतोय का? नाही दिसत. नीट बघ, गाडी सुटतीये का तुझी? मला वैताग यायचा. आता मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे आणि दिवसभर लोकांना नीट बघा म्हणून पिडते. माझ्या पाठीमागं काय बोलतात ते मला माहीत आहे.

यंदा तापातून उठल्यावर आईला वास येईनासा झाला. तिनं सांगितलं नाही. एका दुपारी मी गेले, दार उघडलं आणि गॅसचा भपका आला. दूध उतू जाऊन आच विझलेली आणि आई तिथंच हातभर अंतरावर निवांत मेथी निवडत बसलेली. मी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, तिला लाइटच्या बटणाला हात लावू दिला नाही. तिला बाहेर ओट्यावर बसवलं आणि मग रडले, आणि रडून झाल्यावर ओरडले. "गॅस बंद. बॅग भर, माझ्याकडं चल."

"व्हय, आन् तिथं काय करू? पाहुनी म्हनून बसू?" आई म्हणाली. "माझ्या घरात मी रांधून खानार."

शेवटी तिनं अट घातली. विजेवर भाकरी फुगली तर गॅस जाईल, न्हाई तर न्हाई.

दादा, काय मजा आली म्हणून सांगू! इंडक्शन आणलं तर तिचा खोलगट तवा त्यावर गरगर फिरायला लागला. मग सपाट बुडाचा लोखंडी तवा आणला, वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घेतला, अर्थिंग तपासलं. पहिली भाकरी पापडासारखी कडक. आई खूश. दुसरी मधे कच्ची, आई आणखी खूश. पण मग तिला स्वतःच्याच हाताचा राग आला. तिनं आच कमी-जास्त केली, फडक्यानं कडा दाबत राहिली आणि तिसरी टम्म फुगली. हरली होती, तरी तोंडाला पदर लावून हसत होती. मला तर नाचावंसं वाटलं. दोन बिलं बघितल्यावर तीच शेजारणीला सांगते, "एकल्या जीवाला सिलिंडरपरीस बरं पडतंय, बाई." सिलिंडर परत केला. आई मात्र तिथंच राहिली, तिच्या घरात, तिच्या ओट्यापाशी.

बऱ्याच गुरुवारी आईकडं दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, आणि आमच्या कंपनीला सुट्टीही गुरुवारीच. त्या दिवशी आई माझ्याकडं येते. माझ्या गॅसवर पिठलं करते, मी तिचं नाक होऊन शेजारी उभी. हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, पण फोटो ती रोज पुसते, म्हणून पर्समध्येच राहू दे. तिच्या हाती लागायला नको. कारण बॅग भर म्हटलं तेव्हा भीती होतीच, पण ती अर्धी. बाकी अर्धं एवढंच, की ती मला घरी हवी होती. गेल्या गुरुवारी लाइट गेलीच नाही, आणि मी दिवसभर वीजवाल्यांवर चिडून बसले.