पुण्याचा कोन

९ ऑक्टोबर २०१६

आलो बाई एकदाचे लखनौला! वृंदावन योजना या वसाहतीतलं घर मला बघताक्षणी आवडलं. खाली घरमालक जयसिंग आणि त्यांची बायको, वरचा मजला आमचा आणि गच्चीही आमचीच. मालकीणबाईंनी चहा पाजता पाजता बजावलं, छत पे और कुछ नहीं, बस बंदर आते हैं, कपड़े संभालना. विनयची बँक तेलीबागला, म्हणजे डबा गरम पोचणार. लग्नाला चार महिने झाले, पण खरा संसार आजपासून, सासूबाईंच्या देखरेखीशिवाय.

सामानात विनयच्या पहिल्या बायकोचा, कांचनचा, कॅमेरा निघाला आणि सोबत तिचा स्टार ट्रॅकर. विनय म्हणाला, टाकून दे. एवढी महागाची वस्तू टाकायला मला काय वेड लागलंय? बिचारी दोन वर्षांपूर्वी ताऱ्यांचे फोटो काढताना पुण्याच्या गच्चीवरून पडली. विनय त्या रात्री सोलापूरला बहिणीकडे होता. अजून स्वतःला दोष देत बसतो.

२२ ऑक्टोबर

शिकतेय. ट्रॅकर म्हणजे डब्याएवढं यंत्र. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, वर कॅमेरा बसवायचा. मग ते आकाशाच्या चालीनं कॅमेरा हळूहळू फिरवतं. तारे ठिपक्यांसारखे नीट उमटतात आणि जमिनीवरचं सगळं फराटतं. आज देवयानीवर रोखला. शेजारीच शर्मिष्ठा. या सवतींना आकाशातही एकमेकींपासून सुटका नाही!

फोटो मात्र सपशेल फसला. ताऱ्यांच्या रेघा, कठडाही फराटलेला. फक्त कठड्याशी पाठमोरी उभी असलेली बाई अगदी स्पष्ट. मालकीणबाई कधी वर आल्या, कळलंच नाही.

२३ ऑक्टोबर

चूक सापडली आणि मलाच हसू आलं. ध्रुव पुण्यात अठरा अंशांवर दिसतो, इथे सत्तावीसवर. कांचननं लावलेला कोन तसाच होता. मी लखनौच्या गच्चीवर पुण्याचं आकाश शोधत होते. कोन बदलला, तारे सुरेख आले. या वेळी बाई नव्हती.

सकाळी मालकीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घुटनों में दर्द है, साल भर से छत पे चढ़ी ही नहीं हूँ.

२४ ऑक्टोबर

मी हट्टी. कोन परत अठरावर आणला. ती पुन्हा आली, परवाच्यापेक्षा जवळ. या वेळी तोंड दिसतंय. त्यांच्या लग्नाचा अल्बम मी पाहिलाय.

कांचन आहे.

२७ ऑक्टोबर

आज धीर करून विनयला पहिला फोटो दाखवला. वाटलं, हसेल. पांढराफटक पडला. म्हणाला, असं कसं, त्या रात्री ती कठड्याशी नव्हतीच, पाण्याच्या टाकीशेजारी उभी होती.

सोलापूरहून टाकी दिसते का रे, विनय? विचारलं नाही. भाजीला फोडणी घातली.

२९ ऑक्टोबर

फार गोड वागतोय. साडी आणली. म्हणतो, उद्या अमावास्या, आकाश काळं मिळेल, वर जाऊ. तू वाकून ध्रुव बघ, मी मागे उभा राहतो.

अंगाची लाही लाही होतेय. भीती आहेच, पण राग जास्त आहे. माहेरी पळून गेले तर हा सुटेल. तिसरी आणेल. मला तो सुटायला नकोय.

३० ऑक्टोबर, दिवाळी

फटाक्यांनी कान किटलेत. कोन अठरावर करून आले. कांचन, ये.

विनयला म्हटलं, तू पुढे हो, ध्रुव लाव, मी करंज्या झाकून येते. गेला. मी गच्चीच्या जिन्याच्या दाराला आतून कडी घातली.

फटाक्यांतूनही ऐकू आलं. तिचं नाव घेत होता. हात जोडतो म्हणाला. मग धप्प —

बरं झालं. लिहून ठेवते, बरं झालं.

खाली जयसिंग ओरडतायत, भैया गिर गए, भैया गिर गए — जायला हवं, रडायला हवं —

जिन्यावर पावलं. गच्चीकडून खाली येतायत. विनय तर तिकडे रस्त्यावर —

कांचन, अगं मी तुझ्या बाजूनं आहे. कोन मीच लावला. मीच तुला —

कडी हलतेय —

तुझा नवरा, तुझा कॅमेरा, तुझी जागा — नाही गं, मी नंतर आले, मला काही माहीत नव्हतं, मला कुणी सां —