निरोगी भावंड

४ फेब्रुवारी
सकाळपासून नुसता संताप. पण मी तो बाहेर दाखवला नाही. फक्त हॉस्पिटलचा पार्किंगवाला, लिफ्टवाला आणि नोंदणीच्या खिडकीतली बाई, या तिघांना त्यांची कामं समजावून सांगितली.

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे म्हणतात. वर्षभर त्याला आवाज ऐकू येतायत. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम सुटलं तेव्हापासून तो माझ्या घरी, म्हणजे माझ्या शिस्तीत. आज नव्या गोळ्या सुरू. त्याआधी मेंदूचा स्कॅन, आणि सहा आठवड्यांनी परत एक. गोळी कुणाला लागू पडणार आणि कुणाला नाही, हे फोटोवरून ओळखता येतं का, याचं संशोधन चाललंय. मी विचारलं, रिपोर्ट कधी? संशोधक मॅडम म्हणाल्या, एकेकट्याचा रिपोर्ट नसतो, अजून तेवढं कळत नाही. पुष्कळ जणांचे फोटो एकत्र करून अभ्यास करतात. म्हणजे खोलीभर मशीन आणि निकाल शून्य! हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

तुलनेसाठी त्यांना आजार नसलेली भावंडंही हवी आहेत. ताबडतोब नाव दिलं. ठणठणीत मेंदू कसा असतो ते एकदा बघू दे सगळ्यांना.

संकल्प: घरात शांतता. डॉक्टरांनी खास बजावलंय. घरी पोचल्या पोचल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं.

६ फेब्रुवारी
माझा स्कॅन. घड्याळ, पट्टा, किल्ल्या सगळं काढायला लावलं. डोक्यावर पिंजरा. हातात रबरी फुगा, त्रास झाला तर दाबा म्हणे. दाबला. ही गादी आहे की फळी, असं विचारलं. टेक्निशियन म्हणाला, हलू नका. मी हललेलो नाही हे सांगायला परत दाबला. मग तो खडखडाट सुरू झाला, कुणी कानाशी पत्रा ठोकावा तसा. इतका वेळ कुणी आपल्या कानाशी कटकट करतंय आणि आपण त्याला गप्प बस म्हणू शकत नाही, हा शुद्ध छळ आहे. तरी मान वळवून मी तसं म्हटलंच.

धाकटा परवा त्याच मशीनमध्ये चक्क झोपला होता. टेक्निशियनने माझ्यासमोर त्याचं कौतुक केलं. पडून राहण्याचं कसलं कौतुक? वर्षभर दुसरं काय करतोय तो? घरी आल्यावर त्याला ऐकवलं.

१५ फेब्रुवारी
न रागावणं मस्त जमतंय. आज फक्त त्याच्या आंघोळीच्या वेळेवरून, सांडलेल्या पाण्यावरून आणि दाढीवरून बोललो. हे रागावणं नव्हे. आठवण करून देणं आहे. ही म्हणाली, शेजारच्यांनाही आठवण झाली.

हिला विनोद सुचतात. मला या घराची काळजी वाहायची असते.

२ मार्च
गोळ्या लागू पडत नाहीयेत. मी आधीच म्हटलं होतं. पूर्वी मी बोललो की धाकटा खाली मान घालून ऐकायचा. आज म्हणाला, दादा, टीव्हीचा आवाज कमी कर. मला! माझ्या टीव्हीबद्दल! शिवाय खोलीचं दार लावून घेतो. शिवाय हिच्याबरोबर भाजी निवडताना हसतो. शिवाय काल घराची किल्ली परत मागितली. आजार झपाट्याने वाढतोय.

आणि वर म्हणतो, दुकानाच्या मालकांना विचारू का, परत घेतात का ते. मी साफ सांगितलं, तुझ्याच्याने काही होणार नाही, गप घरात बस. उद्या तिथे परत आवाज आले, काचांच्या मशीनमध्ये हात गेला, तर निस्तरायचं कुणी? मीच ना? मागच्या वेळी स्टेशनवरून त्याला मीच आणला होता. अंगात शर्ट नव्हता. ते काही मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या स्कॅनमध्ये बिंग फुटेलच. मग डॉक्टर झक मारत जोरदार औषध देतील.

१२ मार्च
एक मुद्दा सुचला. एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकाच्याही डोक्यात कसा आला नाही? रक्त तपासायला उपाशीपोटी जातात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग मेंदू तपासायला गोळी घेऊन कसं चालेल? गोळीचा मुलामा असताना खरा मेंदू दिसणार कसा?

धाकट्याच्या गोळ्यांचं पाकीट आजपासून माझ्या कपाटात. कुलूप. स्कॅनपर्यंत उपास. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

धाकटा नुसता बघत राहिला. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच आहे.

१६ मार्च
उपासाचा परिणाम सुरू. बंद खोलीत एकटाच बोलतोय आणि हसतोय. दाराला कान लावून खात्री करून घेतली. "हो, सोमवारपासून येतो," असं कुणालातरी सांगत होता. कुणाला? खोलीत चिटपाखरू नाही.

लगेच मॅडमना फोन लावला. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, घ्या, मी म्हणत नव्हतो? पलीकडून विचारलं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. म्हटलं, छे, चार दिवस कडक उपास ठेवलाय, तुमची तपासणी नीट व्हावी म्हणून. पलीकडे शांतता. मला वाटलं, प्रभावित झाल्या. मग म्हणाल्या, त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता निघा.

आत्ताच्या आत्ता! मी काय रिकामटेकडा आहे?

१६ मार्च, संध्याकाळी
लिहिताना पेनाने कागद फाटला. रागाने.

डॉक्टर माझ्यावरच घसरले. मनाने औषध बंद केलं तर सहा आठवड्यांचं सगळं पाण्यात जातं, म्हणे. आवाज उलटून येतात, म्हणे. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, काही बंद झालेलं नाही. मी पाकीट उचललं त्याच दिवशी धाकट्याने हिला सांगितलं, आणि दोघांनी जाऊन नवीन पाकीट आणलं. एकही गोळी चुकलेली नाही. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे! आणि बंद खोलीत तो फोनवर दुकानाच्या मालकांशी बोलत होता. सोमवारपासून त्याला कामावर घेतलंय. अर्धा दिवस.

मग डॉक्टर त्याला नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. पहिल्या दोनांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याला डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. आवाज येतात का अजून? धाकटा म्हणाला, नाही, गेल्या महिन्यात थांबले. पूर्वी काय म्हणायचे, असं विचारल्यावर त्याने जरा विचार केला.

"म्हणायचे, तुझ्याच्याने काही होणार नाही, तू सगळ्यांना भार आहेस. आता तेच एकटा दादा म्हणतो. पण तो समोर दिसतो, त्यामुळे भीती नाही वाटत."

तक्रारीच्या सुरात नाही. पावसापाण्याच्या गप्पा माराव्या तसा बोलला. मी म्हटलं, भार हा शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही. ही खिडकीबाहेर बघत होती. हिने निदान, हे तसं कधी म्हणाले नाहीत, असं सांगायला हवं होतं.

१८ मार्च
धाकट्याचा दुसरा स्कॅन झाला. हललाही नाही. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, ते राहू द्या, माझ्या मेंदूचं काय निघालं? त्या चाचरल्या. म्हणाल्या, तुमचे फोटो वापरता येत नाहीत, डोकं सारखं हलत होतं, सगळं फराटे फराटे आलंय. निरोगी भावंडांच्या गटातून माझं नाव काढून टाकलं.

मशीन बिघडलेलं आहे. लेखी तक्रार करणार.

२३ मार्च
धाकटा कामावर गेला. जाताना डबा विसरला. मी जिन्यावरून बजावलं की, बघ, डबा लक्षात राहत नाही, तू काचा काय घासणार. तो परत वर आला, डबा घेतला, आणि म्हणाला की दुकानाच्या मागे एक खोली रिकामी आहे. तिकडे जातो. डॉक्टरांना विचारलंय, वहिनीलाही विचारलंय.

मला विचारलं नाही. सांगितलं.

म्हटलं, जा. दोन दिवसांत रडत येशील.

३० मार्च
आला नाही. ही दर दोन दिवसांनी जाऊन येते. म्हणते, गोळ्या वेळेवर घेतो, खोली स्वच्छ ठेवतो. मी विचारलं नव्हतं.

तक्रार लिहायला बसलो. एका ओळीच्या पुढे गेलो नाही.

५ एप्रिल
रविवार. घरात कमालीची शांतता. डॉक्टरांना हवी होती तशी.

दुपारी धाकट्याचा फोन आला. मला वाटलं हिच्यासाठी असेल, म्हणून हिला हाक मारायला लागलो, तर म्हणाला, थांब दादा, तुझ्याशीच बोलायचंय. पहिला पगार झाला. कसा आहेस? बोल ना काहीतरी.

पगार जपून वापर, उधळू नकोस, असं अगदी ओठावर आलं. ते गिळलं. मग दाढी केलीस का, हे आलं. तेही गिळलं. मग तिसरं वाक्य शोधू लागलो. एवढासा होता तेव्हापासून त्याच्याशी बोलतोय मी. पण रागावणं सोडून त्याच्याशी काय बोलायचं असतं, ते मला आठवेना. तो पलीकडे वाट बघत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

फोन हिला दिला.