सत्तर पाउंड हवा

प्रिय झिपरे,

जिंकलीस! चाळीस किलोमीटरची शर्यत नऊ सेकंदांनी मारलीस आणि थेट देशाच्या संघात! तू शिबिराला गेल्यापासून दुकानात येईल त्याला हेच सांगतोय. पंक्चर काढायला आलेल्या पोस्टमनला तर दोनदा सांगितलं. तुझी आई म्हणते, घसा बसेल. बसू दे!

आता त्या टायरांचं. तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, तरुणपणी शर्यतीही मारल्यात. टायर बारीक हवा आणि दगडासारखा टणक, हे माझं ठाम मत. तू अठ्ठावीस मिलिमीटरचे जाडे टायर आणलेस तेव्हा मी त्यांना ट्रॅक्टर म्हणालो. तू किती समजावलंस. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उडतो, मऊ टायर दबून पुढे जातो; आणि रिमही तेवढीच रुंद घेतली की वारा कडेला न अडखळता मागे निघून जातो. मी कसला ऐकतोय! मग दुकानामागच्या उतारावर पायडल न मारता दोन्ही सायकली सोडून पाहिल्या, तू खडूने खुणा केल्यास. तुझी सायकल अकरा पावलं पुढे गेली. मी दोष वाऱ्यावर ढकलला. दुसऱ्यांदा तेरा पावलं गेली, तेव्हा चहाचं निमित्त करून सटकलो.

शर्यतीच्या सकाळी तू पाठीवरचा नंबर आणायला गेलीस. 'हवा सत्तर पाउंड' अशी चिठ्ठी तू दांड्याला चिकटवली होतीस. मी वाचली. तरी पंप लावला आणि पार नव्वदवर नेली. खोटं कशाला बोलू, वाटलं पोरीचं भलंच करतोय. तू सुटलीस आणि पुढचा उखडलेला रस्ता दिसला, तसं तुझं म्हणणं आठवलं. हरलीस तर माझ्यामुळे, एवढंच डोक्यात.

तू पहिली आलीस, सायकल माझ्या हाती दिलीस आणि माइकवर सांगितलंस, ही माझ्या बाबांनी तयार केली. लोक टाळ्या वाजवत होते. मी सवयीने टायरवर अंगठा दाबला. मऊ! बरोब्बर सत्तर. म्हणजे सुटण्याआधीच तू हवा सोडली होतीस, आणि मला अवाक्षर बोलली नाहीस, ना तिथे, ना घरी. म्हणून हे पत्र. तोंडाने सांगायला गेलो तर रडेन. चुकलो गं मी. माझ्या जुन्या सायकलीला आज अठ्ठावीसचे टायर चढवलेत. हवा भरलेली नाही. ती तू येऊन भर.

तुझाच,
ट्रॅक्टरवाला बाबा