दातावरची व्याह्यांची टोपी

देवास, पौष व. ४
हाटपिपल्याचं गिऱ्हाईक. बाळाच्या हातातल्या बिंदल्या बघायला आलं नि माझं तोंडच बघत बसलं. "सोनीजी, तमारा मूंडा को सोनो तो कालो पड़ी ग्यो!" हसत गेलं, बिंदल्या तशाच ठेवून. माझ्या पुढच्या दातावरची सोन्याची टोपी काळवंडलीय. पोरीच्या, गोदीच्या लग्नात धारच्या व्याह्यांनी मानाची म्हणून स्वतः घडवून बसवलेली. ते सोनार, मीही सोनार. आणखी काय लिहू.

पौष व. ६
राख झाली, चिंच झाली, रिठा झाला. तोंड आंबलं, टोपी जशीच्या तशी. सौ. म्हणते, "अहो, काढा नि कसोटीवर घासा एकदा. कळू दे व्याह्यांचं पाणी." कळलं तर? पोर त्याच घरात नांदतेय. त्यात सातवा लागलाय तिला.

पौष व. ११
इंदूर. दातांचा डाक्तर म्हणाला, टोपी कापून काढू. खालचा दात धड असेल तर वर चिनीमातीची, किडला असेल तर उपटायचा. दुखत नसेल तर राहू द्या. "पण आजोबा, हे सोनं..." मंजनाचा डाग आहे म्हटलं नि उठलो.
काढली तर व्याही विचारणार, माझी टोपी कुठंय? ठेवली तर दुकान बसणार. सांडशीत धरल्यागत झालंय.

माघ शु. २
गोदी आली, डोहाळजेवणाला. घर कसं भरलं! "बाबा, हसत का नाही हो?" मिशी दातावर ओढून घेतो. व्याही उद्या.

माघ शु. ३
डिंकाचा लाडू फोडला, टोपी हातात. आतली बाजू बघायला नको म्हणून तळहातावर पालथीच राहू दिली. कसोटी समोर फळीवर. बाहेर व्याही पाय धूत होते. हात पुढं केला, तर गोदी दारात. आली, तिनंच माझी मूठ मिटली. "घासू नका, बाबा." म्हणजे पोरीला आधीच...
तेवढ्यात व्याही आत आले. "व्याहीबोवा, हसा की जरा! बघू आमची टोपी!"
दात ठणकतो म्हटलं. उपरणं तोंडाला लावून पंगतीला बसलो. मसालेभात तसाच राहिला.
व्याही म्हणाले, "ठणकतो? मग सकाळी टोपी काढूनच टाकू. हत्यारं आणलीत मी."
डोहाळजेवणाला कुणी हत्यारं घेऊन येतं? म्हणजे टोपी परत न्यायचं ठरवूनच आलेत.
टोपी कनवटीला आहे. सकाळी तोंड उघडायचंय.