विहिरीची ओटी

चि. शिवकांतास जगदेवीचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा चालता झाला असंल आणि घाटनांदूरची सगळी मंडळी खुशाल असतील असं धरून सांगते, तर सगळ्यात आधी आली ती महानंदा. (माझी जाऊ, दुसरं कोण येणार.) मास्तरांचा पत्ता न्हाई, अन ही नवं लुगडं नेसून माझ्या विहिरीवर हजर.

शाळेच्या मास्तरांचं पाण्याचं प्रशिक्षण होतं. पाणी कसं तपासायचं ते आधी मास्तरांनी शिवारात शिकायचं, मग पोरांना शिकवायचं. माझी विहीर अन महानंदाची, दोन्ही बघून जी बरी वाटंल तिच्यावर दर महिन्याला शाळेची पोरं आणायची ठरलेली. माझा लेक मन्मथ लेकरंबाळं घेऊन पुण्याला गेल्यापासून मी मांजरीशी बोलते, हे तुला ठाऊकच हाय. म्हणून पोरं माझ्याच विहिरीवर यावीत असं लई वाटत होतं.

मग पहाटे काय केलं, विहिरीची ओटी भरली. एवढे पाव्हणे दारी येणार अन तिची ओटी रिकामी, बरं दिसतं का? खण, नारळ, खारका, हळकुंडं, अन सढळ हातानं हळद-कुंकू. (हळदीचा पुडा फाटका होता, तो सगळाच पाण्यात गेला.) पाणी आधीच तळाला गेलेलं.

मास्तर-मास्तरणी आले, पँटी दुमडल्या, पदर खोचले. शिकवणारे बद्रीनाथ सर अंबाजोगाईचे, लई गोड माणूस. दोरीला काळी-पांढरी थाळी बांधून पाण्यात सोडायची अन ती कुठवर दिसती ते मोजायचं. महानंदाच्या विहिरीत थाळी पार खालपर्यंत दिसली. माझ्या विहिरीत पाण्याला टेकली न टेकली तोच गडप. मग एका बाईनं पाण्यातले किडे धरायला जाळी फिरवली, तर वर आला हिरवा खण अन तीन खारका. हेडमास्तर बेडूक समजून मागं सरकले ते थेट कडब्यावर बसले.

"आज्जी, हे विहिरीत कावून?" ती बाई म्हणली.

"पाव्हण्यांसाठी," म्हणलं.

महानंदा पदर तोंडाला लावून म्हणती, "आमच्या जाऊबाईंचं पाणीबी फोडणीचं असतंय."

सर मात्र हसले न्हाईत. म्हणले, आज्जी, असल्या पाण्यावरून निकाल लावणं बरोबर न्हाई. आठ दिवस काही घालू नका, आमी परत येतो, दोन्ही विहिरी बघतो, मग ठरवू. मग सगळ्यांनी चिंचेखाली बसून माझं पिठलं-भाकरी खाल्लं. एक मास्तरीण भांडी घासू लागली. शिवकांता, किती दिसांनी माझ्या अंगणात ताटं कमी पडली.

महानंदाचं बोलणं मी मनावर घेतलेलं न्हाई. जावाजावांत वाकडं कशाला. पोरं तिच्या विहिरीवर गेली तरी पोरंच की ती.

तुझी थोरली बहीण,
जगदेवी

ता.क. येताना खारीक-खोबरं अन हळदीचा मोठा पुडा आण. मला नको, मी सरांना शब्द दिलाय.

ता.क. आणखी एक. महानंदा माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकती. तिला सहज बोलता बोलता सांग, की पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी विहिरीची ओटी भरली की लई पुण्य लागतं. बुधवारी मुक्कामालाच ये. मास्तर लोक गुरुवारी सकाळी येतो म्हणलेत.